मफलरवाले गृहस्थ

खोकला ओळखीचा होता, पण तो दुसऱ्याच कुणाला तरी आला होता.

तादेया चांभाराच्या दुकानात एक पाय बुटात आणि दुसरा नुसत्या मोज्यात घेऊन उभी होती. टाच सुटली होती. ती ठोकून घेऊन पुन्हा प्रयोगशाळेत जायचं होतं, कारण दुपारी आलेल्या पाण्याच्या बाटल्या तशाच बाकावर राहिल्या होत्या. तिच्या डोक्यात पोहोर्ये डोंगराच्या पायथ्याची एक विहीर होती. त्या विहिरीतलं नायट्रेट दर आठवड्याला किंचित वाढत होतं, आणि ते शेतातून येत असेल की वरच्या वस्तीतून, याचा विचार करत ती मोज्याला पडलेल्या भोकाकडे बघत होती. फळीवर पॉलिशच्या डब्यांमधे रेडिओ होता. त्यात पियानो चालला होता, पण स्वतःच्या घरातलं घड्याळ जसं ऐकू येत नाही तसा तो तिला ऐकू येत नव्हता. मग उजव्या हाताचे तीन सूर एकेक पायरी उतरल्यासारखे खाली आले, शेवटच्या सुरावर वादक थांबला आणि तिच्या छातीत आपोआप एक जागा रिकामी झाली. इथे खोकला येतो. आणि तो आला. पण तो जाड, घशात खोल रुतलेला, ओव्हरकोटातून निघालेला खोकला नव्हता. बारीक होता, चटकन येऊन गेला. त्याच्यामागोमाग खुर्चीचं लाकूड करकरलं, तेही जरा वरच्या पट्टीत.

"काय झालं? खिळा टोचला की काय?" चांभाराने विचारलं.

"रेडिओ जरा मोठा करता?"

"करतो की. गिऱ्हाईक माझ्यापेक्षा रेडिओकडे बघायला लागलं की समजावं, टाच बरी बसत्येय."

"आत्ता खोकलं कोण, ऐकलंत?"

"मी नाही हं बाई. माझा खोकला मार्चमधे असतो."

तिला हसू आलं नाही. ती मोज्यातला पाय गार फरशीवर ठेवून उभी राहिली आणि तो भाग संपेपर्यंत ऐकत राहिली. निवेदिकेने नाव सांगितलं: रचना शूबर्टची, आणि वाजवणारी एक हंगेरियन बाई. घरातल्या तबकडीवर होतं तेच. पण नावाची गरज नव्हती. दोन मैफलींमधे वाजवणारा एकच असू शकतो, रचना एकच असू शकते, पण तोच खोकला त्याच विरामात आणि त्याच्यामागे तीच खुर्ची, हे दोनदा घडत नाही. म्हणजे मैफल एकच, ध्वनिमुद्रण एकच. फरक होता तो वेगाचा, आणि वेग बदलला की पट्टी बदलते. दोहोंपैकी एक जण खोटं बोलत होता. मग रेडिओने बातम्यांआधीचे टिंब टिंब सूर दिले. सारं शहर ज्यांच्यावर घड्याळं लावतं ते हे सूर. आणि खोटं कोण बोलतं आहे ते तिला कळलं. खोटं बोलत होतं ते घर.

घर म्हणजे द्राव्हा नदीच्या पलीकडे, गिरणी कामगारांसाठी बांधलेल्या इमारतीतल्या दोन खोल्या, आणि त्यातल्या मोठ्या खोलीत खिडकीखालचा ग्रामोफोन. तो तिच्या जन्माआधीचा. बाबांचे मोठे भाऊ लोयझे क्लीव्हलंडला पोलादाच्या कारखान्यात होते. बाबांच्या लग्नाला ते आले तेव्हा ट्रंकेत कपड्यांमधे गुंडाळून त्यांनी तो आणला होता. येताना बोटीवर कपडे कमी पडले म्हणून एकच शर्ट घालत राहिले, असं ते नंतर प्रत्येक ख्रिसमसच्या फोनवर सांगायचे. पण अमेरिकेतल्या विजेची चाल वेगळी, इथल्या विजेची वेगळी. तिथली मोटर इथे रेंगाळत फिरते. दाब उतरवायला खाली एक जड ट्रान्सफॉर्मर लागायचा. तो गुणगुणायचा, गरम व्हायचा आणि हिवाळ्यात त्याच्यावर मांजर बसायचं. दाबाचं झालं, पण वेगाचं काय? वेगाचं बाबांनी केलं. बाबा, म्हणजे बोगोमिर, गिरणीत माग दुरुस्त करायचे. कप्पी झिजली, पट्टा घसरायला लागला की गिरणीत कप्पीला कापडी पट्टी गुंडाळतात. कप्पी जाड झाली की पट्टा जास्त धावतो. त्यांनी मोटरच्या दांडीला औषधपेटीतलं चिकटप्लास्टर गुंडाळलं, वेढ्यावर वेढा. "कानाने लावलंय," ते पाहुण्यांना सांगायचे. पाहुणे मान डोलवायचे, कारण ज्या कानाला आठशे मागांच्या खडखडाटात एका मागाचा निसटलेला धोटा ऐकू येतो त्या कानाशी कोण वाद घालणार.

त्या कानाने लावलेल्या वेगात तादेया वाढली होती. तबकडी आईने ग्रात्समधून आणली होती. सीमेपलीकडे सगळे कॉफी आणि कपडे धुण्याची पावडर आणायला जायचे; आईही त्यासाठीच गेली होती, आणि पावडरीऐवजी ही घेऊन आली. सीमेवरच्या शिपायाने विचारलं तेव्हा म्हणाली, "हीसुद्धा धुण्यासाठीच आहे." रविवारी गोमांसाचं सूप मंद आचेवर ठेवून आई ती लावायची. काचेवर वाफ धरलेली, आल्यासारख्या झोंबणाऱ्या ह्रेन-मुळाच्या किसाने बाबांच्या डोळ्यांत पाणी, आणि पियानो इतका संथ की प्रत्येक सुरानंतर त्याची सावली पडलेली दिसावी. खोकल्याची जागा आली की आई पळी हातात धरून मान वर करायची आणि खोलीच्या कोपऱ्याकडे बघून म्हणायची, "मफलर घ्या, साहेब." असं प्रत्येक वेळी. ते गृहस्थ हळूहळू घरातले झाले. त्यांना पोट होतं, सोन्याची चेन होती, बायको वारलेली होती, आणि तिकीट फुकट जाऊ नये म्हणून ते ताप असूनही मैफलीला आले होते. तादेयाने शाळेत एकदा 'आमचे शेजारी' या विषयावर त्यांच्यावर निबंध लिहिला होता. बाईंनी त्याला चांगले गुण दिले होते.

आई जाऊन दुसरा हिवाळा येत होता. तबकडी अजून रविवारी लागायची. खोकल्याची जागा आली की दोघंही काही बोलायची नाहीत. बाबांची उजव्या हाताची तर्जनी गुडघ्यावरून किंचित वर उठायची आणि परत बसायची. ते वाक्य आईचं होतं. दुसऱ्या कुणी ते उचलायचं नाही हे न ठरवता ठरलेलं होतं.

आणि येत्या रविवारी ती तबकडी बाबा स्वतः काखेत घेऊन हेर्मिनाबाईंकडे येणार होते.

हेर्मिनाबाई भूगोल शिकवायच्या, आता निवृत्त. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी त्यांच्या पहिल्या मजल्यावरच्या घरी मंडळी जमत. मंडळी मोठं नाव झालं, नेहमीचे तिघंच. बाई, दंतवैद्य फेर्दो आणि वर्षभरापासून तादेया. दारात चपलांची टोपली असायची. बाहेरचे बूट काढायचे आणि टोपलीतल्या लोकरी सपाता घालायच्या. सध्या ज्याला जे ऐकावंसं वाटतं आहे ते त्याने आणायचं. तबकडीचं वेष्टण टेबलक्लॉथखाली दडवायचं, म्हणजे कोण वाजवतंय हे कळून आदराने कान बधिर व्हायला नकोत. ऐकून झालं की प्रत्येकाने आपल्याला काय वाटलं ते सांगायचं. आणणाऱ्याने सगळ्यांत शेवटी. नियम एकच होता: 'सुंदर' म्हणायचं नाही. "सुंदर म्हणजे काहीच ऐकलं नाही," बाई म्हणायच्या. जो म्हणेल तो कप विसळेल. फेर्दो डॉक्टर सतत पाइप ओढायचे, सतत घसा खाकरायचे आणि दर खेपेला ऑर्गन आणायचे. ऑर्गन ऐकताना आपल्याला जमिनीखालचा तळघरातला पाण्याचा पंप सुरू झाल्यासारखं वाटतं, असं तादेया एकदा म्हणाली होती. डॉक्टर चिडले नाहीत, उलट खूश झाले, कारण ते विशेषण नव्हतं, ते ऐकणं होतं. बाई व्हायोलिन आणायच्या, कधी पियानो. एका बोहेमियन वाद्यचौकडीबद्दल त्या म्हणाल्या होत्या, "चौघं एकाच ताटातून जेवतायत, आणि कुणीही दुसऱ्याचा तुकडा उचलत नाहीये." तादेयाला ही दुपार वर्षातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा आवडायला लागली होती. दिवसभर ती पाण्यात काय आहे ते सांगायची. इथे सुरात काय आहे ते सांगायचं होतं, आणि त्याला मोजमाप नव्हतं.

फक्त एका बाबतीत तिची चेष्टा व्हायची. पियानोची कुठलीही तबकडी लागली की तादेयाला वादक घाईत वाटायचा. "याला गाडी गाठायचीय," ती म्हणायची. किंवा, "सुराला सावली पडायच्या आत पुढचा सूर." डॉक्टर म्हणायचे, "आमच्या तादेयाला देवसुद्धा घाईत वाटेल. जग सहा दिवसांत उरकलं म्हणते." ती ठामपणे सांगायची की खरा संथपणा काय असतो ते तुम्ही ऐकलेलंच नाही, ते आमच्या घरी आहे. एकदा आणते. म्हणजे ठामपणाही प्लास्टरचाच होता. चांभाराच्या दुकानातून बाहेर पडताना नव्या टाचेचा आवाज डाव्या टाचेपेक्षा वेगळा येत होता, आणि पुलावरून जाताना तिला वर्षभरातली आपली एकेक मतं आठवली. तिच्या कानांच्या मुळाशी ऊब जमली. शास्त्र शिकलेल्या माणसाला चुकीच्या मापाने मोजल्याची लाज फार वाटते. उत्तर चुकल्याची एवढी वाटत नाही. पण ती लाज पूल संपेपर्यंत टिकली नाही. तिच्याखाली दुसरं काहीतरी होतं, आणि ते थंड होतं. हेर्मिनाबाईंच्या ग्रामोफोनचा वेग बरोबर होता. बाई दर वर्षी ठिपक्यांची चकती ठेवून तो तपासत. रविवारी तिथे सुई टेकेल, तीन सूर उतरतील आणि बाबांसमोर, अनोळखी माणसांसमोर, तो बारीक खोकला येईल. गिरणी बंद झाली तेव्हा बाबांनी निरोपाच्या समारंभाला जायचं टाळलं होतं. आई गेल्यावर चर्चला जाणंही टाळलं. तेव्हापासून ज्या एका ठिकाणी जायला ते आपणहून हो म्हणाले होते तिथे आपण त्यांना घेऊन जायचं, आणि सांगायचं की तुमचा कान चुकला, आणि कोपऱ्यातले ते गृहस्थ कधी नव्हतेच.

संध्याकाळी बाबा शर्टाला इस्त्री करत होते. रविवारला अजून अवकाश होता.

"आजच कशाला?" तिने विचारलं.

"एकदा करून बघतोय. कॉलर लक्षात राहिलीय का हाताच्या, ते."

"बाबा, आपण हायडनची घेऊन जाऊया का? ती छोटी आहे. त्या बाईंना छोट्या आवडतात."

"का?"

"उगाच. शूबर्टवर ओरखडा आहे ना शेवटी."

"तो ओरखडा तुझ्या वयाचा आहे. तो असणारच." त्यांनी इस्त्री उलटी ठेवली. "तुला वाटतंय मी तिथे काहीतरी बोलून बसेन."

"तसं नाही."

"मी बोलणारच नाहीये. मी नुसता बसेन आणि सपाता घालीन. सपाता घालायच्या असतात ना?"

"टोपलीत असतात."

"बघ. मला सगळं माहिती आहे."

ते इतक्या मजेत होते की तिने विषय सोडून दिला. शुक्रवारी ते तळघरात कोळसा बघायला उतरले तेव्हा तिने ग्रामोफोनचं ताट उचललं. मोटरच्या दांडीवर प्लास्टर होतं. पिवळसर, तेलाने काळवंडलेलं, कडेला धाग्याच्या दशा सुटलेल्या. इतक्या लहान वस्तूवर आपलं सगळं बालपण फिरत होतं याचं तिला जरा आश्चर्य वाटलं, आणि मग नाही वाटलं. प्रयोगशाळेतली सुईसुद्धा लहानच असते. तिने ताट परत बसवून त्याच्या कडेला कागदाचा तुकडा लावला, यंत्र चालू केलं आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत फेरे मोजले. यायला हवे होते त्याहून कमी आले. फार कमी नाही. अजून एक वेढा असता तर पुरला असता. प्रयोगशाळेच्या औषधपेटीतली प्लास्टरची नवी गुंडाळी तिच्या कोटाच्या खिशात होती. ती कुठल्या विचाराने उचलली हे तिने स्वतःला विचारलं नव्हतं. ताट पुन्हा उचलून, ती गुंडाळी बाहेर काढून, नख लावून तिने टोक सोडवलं. एक वेढा. मग रविवारी सकाळी घरीच सगळं बरोबर वाजेल, बाबांना चटका बसेल तो घरात, दोघांतच. पण मग मफलरवाले गृहस्थ या खोलीतूनही जातील, आणि त्यांच्याबरोबर पळी धरलेला तो हात. पाण्यात काय आहे ते सांगणं तिचं काम होतं. पाणी बदलणं नव्हे. जिन्यावर बाबांची पावलं वाजली, तेव्हा तिने टोक परत चिकटवून गुंडाळी खिशात टाकली. ताट नीट बसवताना तिची बोटं काळी झाली होती. बाबांनी तिच्या बोटांकडे, मग कोटाच्या खिशाकडे बघितलं आणि कोळशाबद्दल काहीतरी बोलले.

रविवारी हवा स्वच्छ होती. चौकात भाजक्या चेस्टनटचा धूर होता, आणि बाबांनी तबकडी एका हाताने छातीशी धरून दुसऱ्या हाताने चेस्टनटची पुडी घेतली, रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून. पुलावर तिने सुरुवात केली, "बाबा, त्या बाईंचं यंत्र आपल्यापेक्षा वेगळं आहे हं." ते म्हणाले, "असणारच. त्यांचा भाऊ क्लीव्हलंडला नसेल." आणि पुढे चालायला लागले. तिला वाटलं, आता सांगावं. तिला हेही वाटलं की पाणी किती हिरवं आहे आज, आणि बाबांनी मान वर करून चालायला किती दिवसांनी सुरुवात केली आहे. दुसरं वाटणं जिंकलं.

हेर्मिनाबाईंनी दार उघडलं. "या, या, बोगोमिरराव! तुमच्याबद्दल इतकं ऐकलंय की तुम्ही जरा बुटके निघालात." टोपलीतल्या सगळ्यांत मोठ्या सपाता त्यांनी पुढे केल्या. त्या त्यांच्या वारलेल्या नवऱ्याच्या होत्या, आणि आजवर त्यांनी त्या कुणाला दिल्या नव्हत्या. फेर्दो डॉक्टरांनी पाइप बाजूला ठेवून हात मिळवला, घसा खाकरला, आणि सवयीने बाबांच्या दातांकडे बघितलं. "वरची डावी दाढ कुणी केली?" "गिरणीच्या डॉक्टराने." "चांगली केलीय. मला वाटलं होतं वाईट केली असेल, म्हणजे मला बोलता येईल." बाबा हसले. अक्रोड भरलेला गोड पाव, पोतित्सा, कापला गेला. आधी डॉक्टरांचा ऑर्गन झाला. तो चालू असताना तादेया काहीच ऐकत नव्हती. ती बाबांची तर्जनी बघत होती. ती गुडघ्यावर शांत पडलेली होती.

मग बाईंनी वेष्टण टेबलक्लॉथखाली सरकवलं आणि सुई टेकवली.

पहिल्या सुरालाच खोली बदलली. तादेयाला वाटलं होतं की ते परकं वाटेल, रेडिओवर वाटलं तसं. पण इथे, बसून ऐकताना, ते परकं वाटत नव्हतं. कुणीतरी तोच रस्ता दिवसाउजेडी चालत होतं एवढंच. घरी हे वाजायचं तेव्हा बाहेर नेहमी धुकं असायचं. इथे झाडांची पानं मोजता येत होती. डाव्या हातात एक लहानसा सूर होता, परत परत येणारा. तो तिने आजवर गुरगुर म्हणून ऐकला होता. ती गुरगुर नव्हती, तो दाराशी येऊन थबकणारा माणूस होता. तिला याचं नवल वाटलं, आनंदही झाला, आणि आनंद झाल्याबद्दल अपराधी वाटलं. कारण जागा जवळ येत होती. तीन सूर उतरायला लागले. पहिला. दुसरा. तिने बाबांकडे बघितलं नाही. वादक थांबला. आणि खोकला आला; तरुण, स्वच्छ, रुमालात दाबलेला. एका मुलीचा. वीसेक वर्षांच्या, उशीर झाल्यामुळे धावत आलेल्या, थंड हवेने घसा धरलेल्या मुलीचा. खुर्ची करकरली, ती शरमून जरा खाली सरकली असणार.

बाबांचं बोट उठलं आणि हवेतच राहिलं. मग त्यांच्या छातीतून एक आवाज आला. तादेयाने मान वळवली. ते हसत होते, तोंड मिटून, खांदे हलवत.

ओरखडा आला, गेला, तबकडी थांबली. कोणी लगेच बोललं नाही. तेही इथलं वळण होतं.

"माझ्या डोळ्यांसमोर एक पत्र होतं," बाई म्हणाल्या. "लिहिणाऱ्याने ते टाकायचं नाही असं ठरवलंय, म्हणून तो सगळं खरं लिहितोय."

डॉक्टर खाकरले. "मी म्हणेन, वाजवणारी व्यक्ती बाई आहे, आणि तिला ऐकणाऱ्यांची पर्वा नाही. ते खोकलेसुद्धा तरी ती थांबली नाही. म्हणजे थांबली होती, पण खोकल्यासाठी नाही. तादेया, बोल. घाईत वाटली की नाही?"

"नाही," तादेया म्हणाली. तिचा आवाज तिला नीट लागला नाही. "मी... बाबा, मला आधी सांगायला हवं होतं. गुरुवारी हे मी रेडिओवर ऐकलं. आपलं घरचं यंत्र सावकाश फिरतं. मी मोजलं. हा बरोबर वेग आहे."

"अर्थात हा बरोबर आहे," बाबा म्हणाले. "अजून एक वेढा कमी आहे आपल्याकडे."

"तुम्हाला माहीत होतं?" तिने विचारलं.

"मी माग लावायचो पोरी. मिनिटाला किती फेरे हे मला घड्याळाशिवाय कळायचं. पहिला वेढा दिला, दुसरा दिला, तिसरा दिला. चौथा हातात होता. आणि तुझी आई तिथे उभी होती, डोळे मिटून. म्हणाली, थांब. आता तो चालतोय. आणखी केलंस तर पळेल. मी म्हटलं, अगं, पण यंत्राच्या हिशोबाने... ती म्हणाली, यंत्राचं लग्न झालंय का माझ्याशी?"

फेर्दो डॉक्टर इतक्या जोरात हसले की पाइप विझला. हेर्मिनाबाईंनी हनुवटीवर हात ठेवला.

"म्हणून तिचा वेग ठेवला," बाबा म्हणाले. "बरोबर कसं वाजतं ते मीसुद्धा कधी ऐकलं नव्हतं. इतकी वर्षं. वाटायचं, ऐकलं तर फितुरी होईल. आज म्हटलं, पोरगीच नेतेय, तर चला." त्यांनी सपातांकडे बघितलं. "आणि ते आमचे गृहस्थ म्हणजे एक मुलगी निघाली. तुझ्या आईला कळलं असतं तर काय म्हणाली असती!"

कोणते गृहस्थ, ते मग सांगावं लागलं. तादेयाने सांगितलं, पोटासकट आणि सोन्याच्या चेनीसकट. निबंधाचंही सांगितलं. सांगताना तिच्या लक्षात आलं की ते वाक्य, मफलरचं, तिने आणि बाबांनी दोघांनीही गाळलं आहे; फक्त 'आई त्यांना काहीतरी म्हणायची' एवढ्यावर ती येऊन थांबली, आणि कुणी पुढे विचारलं नाही.

"म्हणजे वर्षभर," डॉक्टर म्हणाले, "तू बाईंच्या पियानोवाल्यांना स्वतःच्या आईच्या घड्याळाने मोजत होतीस."

"हो."

"माफी माग. एकेकाची. मी नावं देतो."

"आणि ऑर्गनवाल्यांची?"

"त्यांची नको. पंपाचं बरोबर होतं."

हसू ओसरल्यावर ती बसली होती तशीच राहिली. गुरुवारपासून ती एक गोष्ट दोन हातांनी धरून चालली होती, सांडू नये म्हणून. आणि ती ज्यांच्यासाठी धरली होती त्यांच्याकडे ती आधीपासूनच भरून ठेवलेली होती. तिला मोकळं वाटत होतं, थोडं मूर्खासारखंही. घरातलं माप चुकीचं नव्हतं. ते कुणीतरी डोळे मिटून, विचार करून ठरवलेलं माप होतं. उद्या संध्याकाळी ती घरी तीच तबकडी लावेल. तिथे धुकं असेल आणि ते गृहस्थ असतील. इथे ही मुलगी असेल, धावत आलेली. दोन्ही एकाच विरामात मावत होते, आणि एकाला बसायला दुसऱ्याने उठायची गरज नव्हती. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं; त्यात पोतित्साचे कण आणि अक्रोडाचं सालपट दिसत होतं.

"आता मालकांनी बोलायचं," बाई म्हणाल्या. "बोगोमिरराव, तुम्हाला काय वाटलं ते. आठवणी नकोत. ऐकलेलं सांगा."

 बाबांनी टेबलक्लॉथची कड बोटांनी सरळ केली, जशी ते मागावरच्या कापडाची करत असत. तादेयाला वाटलं, ते डाव्या हाताच्या त्या लहान सुराबद्दल बोलतील, किंवा वेगाबद्दल, किंवा त्या मुलीबद्दल. त्यांनी वर बघितलं.

"सुंदर," ते म्हणाले.

 हेर्मिनाबाईंनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट केलं, आणि डॉक्टरांनी आपला कप बशीसकट बाबांच्या हातात दिला.

बाबांनी बाह्या दुमडल्या. कॉलर अजून कडक होती. कप गोळा करताना ते तादेयाच्या खुर्चीपाशी थांबले आणि हळूच म्हणाले, "तुझ्या कोटातली ती गुंडाळी तुझ्या हापिसात परत ठेव. लोकांची बोटं कापतात तिथे."

मग ते आत गेले. नळाचं पाणी सुरू झालं, आणि पाण्याच्या आवाजावरून तादेयाला सवयीने वाटलं की दाब चांगला आहे. बाईंनी सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली, कारण एकदा ऐकून कळलं म्हणणाऱ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. आत बाबा गुणगुणत होते. घरच्या पट्टीत, एक घर खाली, घरच्या चालीने; त्यामुळे ते आणि पियानो सारखे चुकत होते, पियानो पुढे जात होता, ते मागून येत होते, आणि दोघांपैकी कुणीही दुसऱ्यासाठी पावलं बदलत नव्हतं. तीन सूर उतरले. विराम आला. ती मुलगी खोकली. आणि जणू तिला साथ म्हणून, नव्याने पेटवलेल्या पाइपच्या धुरात, फेर्दो डॉक्टरही खोकले. मोठ्याने, जाड, पोटातून.

आतला नळ बंद झाला.

"मफलर घ्या, साहेब," स्वयंपाकघरातून बाबांचा आवाज आला.

डॉक्टरांचा हात नकळत गळ्याकडे गेला. तादेयाने मान वर केली आणि खोलीच्या कोपऱ्याकडे बघितलं.